करपलेला घाणा

मालकिणीनं फर्मान काढलं की नव्या मेन्यूसाठी बारमागच्या प्रत्येकानं आपल्या लहानपणचं एक पेय शोधून आणायचं, त्यात दारू बसवायची आणि पहिल्याच घोटाला गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आणायचं. पाणी नाही आलं तरी चालेल, पण दुसरा ग्लास मागवला पाहिजे, असंही तिनं वर जोडलं. बारमागे तिघं होती. थोरल्या बारटेंडरनं चॉकलेटचं दूध सांगून टाकलं, धाकट्यानं आजोळच्या लिंबू-सोड्याचं नाव घेतलं. तिसरी ती. तिला विचार करावाच लागला नाही. संत्र्याचं सरबत, ती म्हणाली, व्होडका घालून.

व्होडकाच का, हे कुणी विचारलं नाही. या धंद्यातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. रम स्वतःची टिमकी वाजवते, व्हिस्की तर दुसऱ्याला बोलूच देत नाही. व्होडका तेवढी गप्प बसते. ज्यात घालाल त्याची होते. तिला वासही जवळजवळ नसतो. हे शेवटचं मात्र ती बारवर शिकली नव्हती, घरीच शिकली होती.

तिच्या बाबांना जाऊन दोन महिने झाले होते.

बाबा एके काळी सरबताच्या कारखान्यात पाकवाले होते. मोठी तांब्याची कढई, खाली लाकडाची भट्टी, कढईत साखर, पाणी आणि संत्र्याच्या साली. पाकाला नेमकी तार आली की पाकवाल्यानं उलथन्यानं कढईच्या काठावर दोनदा ठोकायचं, आणि तो आवाज ऐकून भट्टीवाल्यानं खालचा जाळ ओढून घ्यायचा. त्या वाफेत आणि गलक्यात हाक ऐकू जात नसे, ठोका जाई. अधूनमधून बाबा घरी एक बाटली आणत, बिनालेबलची. ग्लासात दोन बोटं सरबत, वर गार पाणी, चमच्यानं ढवळायचं, काठावर दोन ठोके द्यायचे, की ग्लास तिच्या हातात. चमचा चाटायचा हक्कही तिचाच. म्हणून बाबा तिला चमची म्हणत. आईही तेच म्हणायची, पण तिच्या तोंडी त्याचं 'बापाची चमची' व्हायचं.

ती सहा वर्षांची असताना बाबांची नोकरी गेली. एका वर्षात पाकाचे तीन घाणे करपवले, म्हणून. कारखान्यानं पत्रात 'निष्काळजीपणा' असं लिहिलं आणि बाबांनी त्याखाली सही केली. मग गोदामावरचा पहारा आला, पहाऱ्याबरोबर थंडी आली, आणि थंडीबरोबर बाटली. बाबा व्होडका घ्यायचे, आणि तीही त्याच कारखान्याच्या, दुकानात मिळणाऱ्या सरबतात मिसळून. बघणाऱ्याला वाटावं, माणूस सरबत पितोय. आईला तसं कधी वाटलं नाही. ग्लास नाकाशी न नेताही ती ओळखायची, आणि मग तिचं ठरलेलं वाक्य यायचं: "यांना एक कढई सांभाळता आली नाही, संसार काय सांभाळणार."

अठ्ठावीस वर्षं ते वाक्य त्या घरात होतं. एखादं जड कपाट खोलीच्या मधोमध ठेवून द्यावं आणि सगळ्यांनी त्याला वळसा घालून ये-जा करावी, तसं.

शेवटी यकृतानं हात टेकले. हॉस्पिटलात बाबांच्या डोळ्यांतला पांढरा भाग पार पिवळा झाला होता. पाणी पाजताना त्यांच्या हातून ग्लास निसटला आणि चादर भिजली, तेव्हा आई नर्सला सहज बोलावं तशी म्हणाली, "यांना एक कढई सांभाळता आली नाही, ग्लास काय धरणार." नर्स ओशाळं हसली. बाबाही हसले. पण ते आईकडे बघून नाही, मुलीकडे बघून. तिला ते हसणं लाज झाकायचं वाटलं आणि तिनं मान वळवली. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. मान वळवली हे मात्र तिच्या डोक्यातून जाईना.

तर सरबत. तिनं सगळ्यात सोपा रस्ता धरला. त्या कारखान्याची बाटली अजून बाजारात मिळते, लेबलवर तेच अर्धं कापलेलं संत्रं. दोन मापं व्होडका, एक माप सरबत, बर्फ, वर बोटभर सोडा. काठावर चमच्याचे दोन ठोके देऊन तिनं ग्लास मालकिणीपुढे सरकवला. हे ठोके ती प्रत्येक ग्लासाला द्यायची; का, ते तिला कधी उमगलं नव्हतं, आणि बारवर त्यावरून तिची चेष्टा चालायची की ही पेय देत नाही, न्यायाधीशासारखा निकाल देते. मालकिणीनं घोट घेतला. चांगलं आहे, खपेल, म्हणाली. तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी निघत नसे.

पण ते ते नव्हतं. लहानपणच्या सरबतात गोडानंतर आणि आंबटानंतर शेवटी काहीतरी यायचं. जिभेच्या मागच्या बाजूला एक बारीक कडू ओरखडा. तो गेला की पुन्हा गोड हवंसं वाटायचं. तिनं साली किसून घातल्या, बारवरच्या कडू अर्काचे थेंब घातले, कडक चहा घातला, कॉफीही घालून पाहिली. थोरला बारटेंडर चव घेऊन घेऊन वैतागला. हिचं बालपण फारच कडू गेलेलं दिसतंय, म्हणाला, आपण साध्या लोकांनी त्यात न पडलेलं बरं.

घरी आईला विचारायची सोय नव्हती. मुलगी बारवर काम करते हेच आईनं कधी गिळलं नव्हतं. ज्यानं बापाला नेलं तेच ही लोकांना ओतून देते, एवढंच तिचं म्हणणं असायचं. म्हणून एका सकाळी ती दोन लहान बाटल्या पिशवीत घालून, कारखान्यात बाबांच्या कढईखालचा जाळ सांभाळणाऱ्या भट्टीवाल्या काकांकडे गेली. बाबा गेले त्या दिवशी काका आले होते. लांब उभे राहिले, आईच्या समोर आले नाहीत आणि चहाही न घेता निघून गेले. तेव्हा तिला ते म्हातारपण वाटलं होतं.

काका मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहायचे. भट्टीनं त्यांचे डोळे आधीच खाल्ले होते, आता छातीही उरली नव्हती. तिनं चमच्यात पहिलं सरबत दिलं. कारखान्याचं, त्यांनी लगेच सांगितलं. दुसरं दिलं, तिनं खटपट करून केलेलं. त्यांनी ते तोंडात बराच वेळ धरलं.

"हे कशाला करतेस?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. बारचं, मेन्यूचं, आणि बाबा आणायचे ती चव सापडत नाही याचं.

"सापडणार नाही. तू विकायचं सरबत कधी प्यायलीच नाहीस. तू करपलेलं प्यायलीस."

मग काका बोलत गेले आणि ती ऐकत गेली. ती सहा वर्षांची होती तेव्हा महिनोन् महिने ताप उतरत नव्हता. पोटात काही ठरत नव्हतं. दूध, भात, औषध, सगळं बाहेर. वजन चार वर्षांच्या पोरीएवढं. डॉक्टर म्हणाले, जे पोटात राहील ते द्या, काय ते विचारू नका. त्याच सुमारास दुसऱ्या पाळीच्या पाकवाल्याकडून एक घाणा करपला. करपलेला घाणा विकता यायचा नाही, कामगारांना वाटून टाकत. बाबांनी त्यातली एक बाटली घरी नेली. ती पोटात राहिली. रात्री तिनं पुन्हा मागितलं, सकाळी पुन्हा. बाटली संपली तेव्हा बाबांनी चांगलं सरबत विकत आणून दिलं. तिनं तोंड फिरवलं. हे नाही, ते.

"घरी करून बघायचं होतं," ती म्हणाली.

"केलं की. पातळ भांडं, साखर काळी कुळकुळीत झाली. तू थुंकलीस. तांब्याच्या कढईत साली तळाला धरतात ना, ते घरी कुठून येणार? दुसऱ्या दिवशी कामावर आला तुझा बाप. पाकाला तार आली. मी खाली ठोक्याची वाट बघत बसलोय. ठोका नाही. मी वर बघितलं, तर तो उलथनं हातात घेऊन नुसता उभा. मला वाटलं, झोपला. हाक मारणार, तर खाली वाकून म्हणतो, अजून एक लाकूड घाल."

काकांना खोकला आला. सूनबाईनं बाहेरून विचारलं, पाणी देऊ का. त्यांनी हातानंच नको म्हटलं, जसं काही ती भिंतीतून बघू शकत होती.

"डोळे मिटून पाक उतरवणारा माणूस तो. आणि एका वर्षात तीनदा जाळला. मोजून जाळला, हं. तुला पचेल एवढाच. तिसऱ्यांदा सुपरवायझरनं मला विचारलं, जाळ जास्त होता का. मी म्हणालो, जाळ नेहमीसारखाच होता."

"तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर दोघं गेलो असतो. त्यानंच सांगितलं होतं, तू गप्प राहा." काकांनी चमचा तिच्या हातात परत दिला. "मला ते सोयीचं पडलं, असंही म्हण."

घरी का सांगितलं नाही, हे तिनं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. बाबा म्हणाले होते, बायकोला कळलं तर ती पोरीला बोलेल, आणि पोर ते आयुष्यभर वागवेल. मला बोललेलं मला चालतं.

ती जिना उतरून रस्त्यावर आली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. हॉस्पिटलातलं ते हसणं आता तिला नीट दिसलं. त्यात लाज नव्हती. दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टीवर माणूस हसतो तसं ते होतं, फक्त दोघांपैकी एकीला ती गोष्ट ठाऊक नव्हती, आणि तिनं मान वळवली होती.

आता प्रश्न सरबताचा उरला नव्हता. आईला सांगायचं की नाही, एवढाच होता. बाबांनी अठ्ठावीस वर्षं तोंड मिटून ठेवलं ते तिच्यासाठी. सांगणं म्हणजे त्यांनी जपलेलं एका दुपारी उधळून लावणं. आणि न सांगणं म्हणजे त्या माणसाच्या नावावर कायमचं तेवढंच शिल्लक राहणं, की त्याला एक कढई सांभाळता आली नाही. तिनं दोन्ही बाजूंनी विचार केला. मग विचार करणं सोडलं आणि पाक करायला घेतला, कारण हातांना काम लागतं.

बार उघडायच्या आधीच्या दुपारी स्वयंपाकघर रिकामं असतं. गोडाधोडाच्या कुकची जाड तांब्याची कढई तिनं मागून घेतली. साखर, पाणी, साली. पहिल्या खेपेस पाकाला रंग चढू लागला आणि तिच्या हातानं आपोआप काठावर दोन ठोके देऊन गॅस बंद केला. दुसऱ्या खेपेसही तेच. हे ठोके कुठून आले आणि त्यांचा अर्थ काय, हे तिला तिथं उभ्या उभ्या कळलं. आवर, असा त्यांचा अर्थ होता. तिसऱ्या वेळी तिनं हात पाठीमागे बांधले, पण नजर चुकली आणि सगळं काळं झालं. चौथंही गेलं. जाळायचं नाही हे हाताला शिकवता येतं. किती जाळायचं, याला माणूस लागतो. पाचव्या वेळी ती कढईवर वाकून उभी राहिली. काठाशी पाक तांबूस झाला, साली तळाला धरू लागल्या, पहिला करपट वास आला. त्या वासाला हात पुढे जायचा. तिनं जाऊ दिला नाही. दहापर्यंत मोजलं. पाणी ओतलं. धूर निवल्यावर चमचा चाटला.

ते तेच होतं. कडू ओरखडा आणि नंतरची तहान. तिला रडू येईल असं वाटलं होतं. भूक लागली.

तिनं ग्लासात बर्फ घातला, दोन मापं व्होडका, एक माप हा पाक, लिंबू, वर सोडा. व्होडकानं खरोखरच एक शब्द काढला नाही; करपलेपण तेवढं पुढं आलं. मालकिणीनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि दुसरा घेतला. हे करपलंय, म्हणाली. मग तिसरा घेऊन म्हणाली की हल्ली लोकांना करपलेलं आवडतं, असू दे, नाव काय द्यायचं? उद्या सांगते, ती म्हणाली, आणि उरलेल्या पाकाची बाटली पिशवीत घालून त्या दिवशी रजा घेऊन घरी गेली.

आई टेबलाशी बसून चादरीची फाटलेली किनार शिवत होती. मुलीनं पिशवीतली बाटली काढून ग्लासात दोन बोटं सरबत घातलं, गार पाणी घातलं आणि आईपुढे ठेवलं. आईनं संशयानं आधी वास घेतला. मग प्यायली, आणि ग्लास हातातच राहिला.

"हे कुठून आणलंस?"

"तुला आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे? चमच्याचमच्यानं पाजलंय तुला. रात्र रात्र बसून."

तेव्हा तिनं सांगितलं. काकांनी सांगितलं तसंच, आपलं काही न घालता. ठोका न दिलेला, एक लाकूड जास्त, तीन घाणे, सही. आई सुई चादरीत तशीच ठेवून ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, भट्टीवाल्याला सगळं ठाऊक होतं का. हो, ती म्हणाली.

"आणि मला नाही." आईनं सुई बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. "मी तुला बोलले असते, असं वाटलं त्यांना."

तिनं ती सुई उचलून दोऱ्याच्या रिळात टोचली.

"बोललेच असते," आई म्हणाली.

मग आईनं ग्लास तिच्याकडे सरकवला. तुम्ही बारवर त्यात जे घालता ते घाल, म्हणाली. आईनं जन्मात दारू तोंडाला लावली नव्हती. बाबांच्या कपाटात एक उघडी बाटली अजून होती. दोघींनाही ती कुठं आहे ते माहीत होतं आणि दोघींनीही ती फेकली नव्हती. तिनं ती आणली आणि मोजून एक माप घातलं. बर्फ नव्हता. आईनं घोट घेतला, थांबली, आणखी एक घेतला.

"कळतच नाही, आहे की नाही."

"कळू नये म्हणूनच घालतात."

आईनं मान हलवली, जसं काही हिशेब लागला. पण लागला नव्हता. ग्लास अर्धा संपेपर्यंत ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ते गेले तरी मला त्यांचा राग होता गं. उठल्यापासून झोपेपर्यंत पुरायचा. तू तोही घेऊन गेलीस."

मला वाटलं तुला बरं वाटेल, असं बोलून बघावं असं तिच्या ओठांवर आलं, पण ते खरं नव्हतं. तिला बाबांना सोडवायचं होतं. आईचं काय होईल, हा विचार तिनं केलाच नव्हता. बाबांनी केला नव्हता असंही आता वाटत होतं. माणूस एकीला वाचवायला गेला आणि दुसरीच्या हाती अठ्ठावीस वर्षं एक खोटं वाक्य देऊन बसला. ते वाक्य शेवटी त्याच्याच यकृतात उतरलं. आणि दोन बायका एका टेबलाशी बसल्या होत्या, ज्यांपैकी कुणीच त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, एका पोरीनं तापात मागितलं तेवढं सोडून.

दुसऱ्या दिवशी तिनं मालकिणीला बाजारच्या सरबतातलं पेय देऊन टाकलं. ते करपलेलं कुठं गेलं, असं मालकिणीनं विचारलं. पुन्हा जमलं नाही, ती म्हणाली. मेन्यूवर नुसतं 'संत्रं' असं नाव लागलं. पेय खपायला लागलं. डोळ्यांत पाणी आलेलं कुणाचं दिसलं नाही, पण लोक दुसरा ग्लास मागवत होते.

घरी आईनं ते ठरलेलं वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. दुसरंही फारसं काही उच्चारलं नाही. कपाट खोलीतून गेलं, पण दोघी चालताना अजून वळसा घालत होत्या. स्वयंपाकघरातल्या बाटलीतला पाक रोज बोटभर खाली जात होता. आई तो कधी घेते, नुसत्या पाण्यातून घेते की कसा, हे तिनं विचारलं नाही. बाबांच्या कपाटातली बाटलीही तिनं उघडून पाहिली नाही. वास घेऊन काही कळलं नसतंच.

नवव्या दिवशी ती उठली तेव्हा रिकामी बाटली धुऊन टेबलावर उपडी ठेवली होती. संपलं, आई म्हणाली.

तिनं कुककडून कढई पुन्हा मागून आणली आणि घरच्या शेगडीवर चढवली. आई दारात येऊन उभी राहिली. साखर विरघळली, साली मऊ झाल्या, पाकाला तार आली, काठाशी रंग धरू लागला. तिचं लक्ष आईकडे होतं. हात आपल्या वळणानं गेला, काठावर दोन ठोके पडले आणि तिनं गॅस बंद केला. पाक सुंदर झाला होता. विकता आला असता.

आई पुढं आली. तिनं चमचा बुडवला, फुंकर घातली, चाटला.

"जळलं नाही," ती म्हणाली.

आणि हात लांब करून तिनं गॅस पुन्हा पेटवला.